डाव्या कोपऱ्यातले दाते

ग्रॅमकाकांच्या कोटाच्या खिशात कायम एक पितळी वजन असायचं. दोनशे ग्रॅमचं, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं. लोक खिशात रुमाल ठेवतात, चष्मा ठेवतात. काका वजन ठेवायचे. औषधाच्या दुकानात, पोस्टात, बेकरीत, कुठेही काटा दिसला की त्यांचा हात खिशात जायचा आणि समोरचा माणूस पाठमोरा झाला रे झाला की वजन काट्यावर. दोनशे दिसले तर गडी खूश. दोनशे चार दिसले तर दुकानदाराची शिकवणी सुरू. काकू अशा वेळी दोन पावलं बाजूला सरकून शेल्फावरच्या बाटल्यांची नावं वाचत उभ्या राहायच्या, जणू या गृहस्थांशी आपला काही संबंधच नाही.

धंदाच तो होता म्हणा. वजनकाटे दुरुस्त करायचे, तपासायचे, आणि बरोबर निघाले की कार्ड बांधून शिशाचं सील मारायचं. चाळीस वर्षं हेच. बाळांचे काटे, गोदामांचे काटे, अख्खा ट्रक उभा राहील असले काटे, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. आपण सील मारलेला काटा वर्षाच्या आत एकदाही परत आलेला नाही, ही गोष्ट ते न विचारताही सांगायचे. त्यांच्यासमोर ‘साधारण’ आणि ‘जवळपास’ हे शब्द काढायची सोय नव्हती. काकूंनी चमचाभर साखर मागितली तरी कुठला चमचा, सपाट की शिगोशीग, अशी उलटतपासणी व्हायची. अशा माणसाशी संसार करायला काय लागतं ते काकूंनाच ठाऊक.

तपासायची त्यांची एक ठरलेली रीत होती. काटा चुकीचं दाखवतोय म्हटलं की संशय कोणाकोणावर घ्यायचा याचा क्रम होता. आधी फरशी, मग काट्याचे पाय, मग तारा, आणि सगळ्यात शेवटी खुद्द काटा. फरशी उतरती असते, पायाखाली कचरा अडकतो, तार ढिली होते. काट्यावर जे ठेवलंय त्याच्यावर मात्र संशय घ्यायचा नाही, कारण वजन प्रमाणित असतं. ते यादीत नव्हतंच. ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे काका शिकले त्याने ही यादी त्यांच्याकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली होती, आणि चाळीस वर्षांत तिने त्यांना एकदाही दगा दिला नव्हता. ही यादी लक्षात ठेवायला हवी, कारण काकांचं घोडं पुढे तिथेच अडलं.

काकांनी ती यादी घरातही लावलेली होती. गेल्या दीड वर्षात त्यांचा डावा खांदा धरला होता. त्यांनी गादी बदलली. काका डावखुरे, आणि कार्डावरचं त्यांचं अक्षर बारीक होत चाललं होतं, ओळीच्या सुरुवातीला नेहमीसारखं आणि शेवटाला मुंगीएवढं. त्यांनी पेन बदललं. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या आणि त्यांचा कान तयार होता, नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायच्या. त्यांनी सांगितलं, तुमची डावी सपात घासल्याचा आवाज येतो. काकांनी नवीन सपाता आणल्या. त्यातली डावीही घासली. मग दुसरा जोड आणला, मग रबरी तळाचा तिसरा. डॉक्टरकडे चला, असंही काकू म्हणाल्या होत्या. त्यावर काकांचं उत्तर होतं की सदुसष्टाव्या वर्षी माणूस थोडा आखडतोच.

तर अशा या काकांना एका गुरुवारी हॉस्पिटलातून बोलावणं आलं. तिथल्या बाळांच्या खोलीतले आणि औषधभांडारातले काटे वर्षानुवर्षं तेच बघायचे, म्हणून स्टोअरच्या माणसाने त्यांचं नाव सुचवलं होतं. काम मात्र वेगळं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या तोलावर आणि स्नायूंच्या ताठरपणावर काम करणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांची खोली तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर हलवली होती, आणि हलवाहलवीनंतर त्यांचं मुख्य यंत्र बरोबर चालतंय की नाही ते तपासून हवं होतं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दोन महिने तरी येणार नव्हता. सोमवारपासून चाळीस माणसं तपासायला यायची होती. निम्म्यांना पार्किन्सन म्हणजे कंपवात झालेला, निम्मी त्याच वयाची पण तो आजार नसलेली. काहींच्या मुलांनी त्यासाठी रजा टाकलेल्या होत्या.

यंत्र म्हणजे फरशीच्या पातळीत बसवलेला लोखंडाचा एक काळा चौकोन. चार कोपऱ्यांखाली चार डबे, प्रत्येक डब्याची एक तार, आणि समोरच्या पडद्यावर चार रेघा. बाईंनी समजावून सांगितलं की माणूस यावर नुसता उभा राहिला तरी तो किंचित डोलत असतो, आणि ते डोलणं चारही कोपऱ्यांना कळतं. म्हातारपणी सगळेच थोडे जास्त डोलतात, सगळ्यांचेच स्नायू थोडे आखडतात. पार्किन्सनमध्ये ते वेगळ्या तऱ्हेने होतं. ते किती वेगळं, हे हाताने अंदाज घेऊन सांगण्यापेक्षा मोजून सांगता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. अंदाजाचा राग असलेली दुसरी व्यक्ती जगात आहे हे बघून काकांना भरून आलं. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि बाई आपल्या बाकीच्या कामाला निघून गेल्या.

फरशी बघितली, पाय बघितले, तारा बघितल्या. वीस किलोची लोखंडी वजनं ढकलगाडीवरून आणली होती. ती मध्यभागी ठेवली, मग एकेका कोपऱ्यावर. चारही रेघा पट्टीने ओढल्यासारख्या सरळ. आता राहिलं शेवटचं. माणसांचा काटा असेल तर काका शेवटी स्वतः त्यावर उभे राहायचे, कारण लोखंड काही श्वास घेत नाही. ते बूट काढून उभे राहिले आणि पडद्याकडे बघू लागले. रेघा सावकाश वरखाली होत होत्या, बाईंनी सांगितलं होतं तशा. पण डावीकडच्या दोन कोपऱ्यांच्या रेघांवर आणखी काहीतरी होतं. बारीक, सारखे, करवतीला असतात तसे दाते. काकांनी चष्मा वर सरकवून मोजले. सेकंदाला पाच.

थरथर डोळ्याला दिसणारी नव्हती, हाताला जाणवणारी नव्हती. काही ग्रॅमांचाच मामला होता. पण काही ग्रॅम सोडून देईल तो ग्रॅमकाका कसला.

त्यांनी पंखा बंद केला, दाते राहिले. शेजारच्या खोलीतला फ्रीज बंद करायला लावला, दाते राहिले. लिफ्ट थांबेल तेवढा वेळ गाठून नोंद घेतली, तरी राहिले. दिवस संपला तेव्हा त्यांनी कागदावर लिहून ठेवलं की इमारतीत कुठेतरी काहीतरी हलतंय, आणि घरी जाताना त्यांना तळघरातला पाण्याचा पंप आठवला.

शुक्रवारी सकाळीच त्यांनी पंपवाल्याला गाठलं. दहा मिनिटं पंप बंद ठेव म्हणाले. असं कुणी कधी मागितलं नव्हतं, पण पांढरे केस, हातात कागद आणि आवाजात अधिकार बघून पंपवाल्याने बटण दाबलं. काका तळघरातून तिसऱ्या मजल्यावर चढून काट्यावर उभे राहिले. दाते होते तिथेच, तेवढेच, सेकंदाला पाच.

म्हणजे यादीतलं शेवटचं नाव उरलं, खुद्द काटा. काकांनी चौकोन उचलायला लावला, डावीकडचे दोन डबे काढून उजवीकडे बसवले आणि उजवीकडचे डावीकडे. ही त्यांची जुनी युक्ती. डबा बिघडला असेल तर बिघाडही त्याच्याबरोबर जागा बदलतो. पुन्हा वजनं ठेवून बघितली, रेघा सरळ. पुन्हा स्वतः उभे राहिले. दाते डावीकडेच. यादी संपली. त्यांनी हट्टाने नोंदीचं बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटाची आणखी एक नोंद सुरू केली.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. पंपवाला दारात उभा होता. दहा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली, दुसऱ्या मजल्यावरच्या नळांचं पाणी गेलं, मुख्य परिचारिका माझ्या नावाने शंख करत्येय, आता पंप लावू की नको, असं त्याचं म्हणणं होतं. काकांची मान हल्ली मागे वळत नसे, म्हणून ते अख्खेच त्याच्याकडे वळले आणि काट्यावर उभ्याउभ्याच त्यांनी त्याची समजूत घातली. लाव बाबा पंप, चूक माझी झाली. पंपवाला गेला. काका उतरले आणि नोंद बघायला पडद्याशी आले.

पहिली दहा सेकंदं दाते डावीकडे होते. पुढची वीस सेकंदं ते उजवीकडे होते.

काका खुर्चीवर बसले. पंप बंद होता, पंखा बंद होता, नोंद चालू असताना डबेही कुणी हलवले नव्हते. मधल्या वेळात या खोलीतली एकच गोष्ट फिरली होती. आधी त्यांचं तोंड पडद्याकडे होतं, मग दाराकडे. त्यांचा डावा पाय काट्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूवर गेला होता आणि दाते त्याच्यामागे गेले होते. त्यांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मोजा घातलेला पाय, त्यात काही वेगळं दिसत नव्हतं. मग त्यांच्या डोळ्यांसमोरून गादी, पेनं आणि तीन जोड सपाता एकामागून एक गेल्या.

बाई आल्या आणि त्यांनी सहजच विचारलं, काका, काय म्हणतंय यंत्र, सोमवारी लोकांना बोलावू ना? काकांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाच ऐकवेना. ते म्हणाले, बहुतेक हो, उद्या सांगतो. बहुतेक!

घरी जाताना त्यांना एक पळवाट दिसली, आणि ती वाईट नव्हती. कार्डावर लिहायचं, जागा योग्य नाही, फरशीला कंप आहे. कोण तपासणार? त्यांच्या सहीवर ट्रक पास होत होते. मग यंत्र गुंडाळून ठेवलं जाईल, दोन महिन्यांनी कंपनीचा माणूस येईल, चाळीस म्हातारे थांबतील. दोन महिने काही जगबुडी होत नाही. आणि ‘बरोबर’ लिहायचं तर ते दाते खरे आहेत हेही आपल्याच सहीने कबूल करायचं. त्यांना भीती वाटत होती. आजाराची होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ज्याचं स्वतःचं अंग थरथरतं त्याने तपासलेल्या काट्यावर उद्या विश्वास कोण ठेवील? आणि मागच्या दीड वर्षात सील मारलेल्या काट्यांचं काय?

संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. पंखा, फ्रीज, लिफ्ट, पंप, सगळं क्रमाने. पंपाच्या गोष्टीला काकू हसल्या आणि पंपवाला दारात आला तिथे त्यांचं हसू थांबलं. पळवाटही काकांनी सांगितली. बायकोपासून लपवायची त्यांची हिंमत कधीच नव्हती. काकूंनी कप खाली ठेवला.

“दीड वर्ष ऐकतेय मी तो पाय,” त्या म्हणाल्या.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. तुम्ही सपाता आणल्यात.”

 काकूंनीच पुढे विचारलं की गेल्या दीड वर्षात तपासलेला एखादा काटा परत आलाय का. नाही, म्हणाले काका. मग ते लोखंडी वजनांनी तपासता की स्वतःच्या वजनाने? वजनांनी. मग त्या काट्यांची काळजी कशाला करताय, काकू म्हणाल्या, ते सगळे बरोबर आहेत, उरला हॉस्पिटलातला एकच. एवढं बोलून त्या कप विसळायला उठल्या. उठताना त्यांनी काकांच्या धरलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला. काकू रडत होत्या, आणि ते काकांना दिसू नये म्हणून त्या मागे उभ्या होत्या.

शनिवारी दोघंही हॉस्पिटलात गेले. आदल्या दिवशी डबे हलवले होते, म्हणून काकांनी आधी पुन्हा चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवून खात्री केली. मग खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि लिहायला घेतलं. यंत्राचा नंबर, तारीख, तपासणी वजनं ठेवून, चारही कोपरे. अक्षर बारीक होत गेलं. निकालाच्या जागी त्यांचं पेन थांबलं. बाई शेजारी उभ्या होत्या, काकू दाराशी. काकांनी ‘बरोबर’ हा शब्द लिहिला, तो मुंगीएवढा आला, आणि खाली सही केली. कार्ड तारेत ओवून पक्कडीने शिशाचं सील दाबताना डाव्या हाताचा जोर पुरेना, तेव्हा पक्कड गुडघ्याला टेकवून दाबलं.

“काटा बरोबर आहे, डॉक्टरबाई,” ते म्हणाले. “दोन दिवस मी उगाच त्याच्यावर आळ घेतला. आता माझी नोंद घ्या.”

बूट काढून ते काट्यावर उभे राहिले. बाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कार्डाकडे, मग काकांकडे.  त्यांनी काकांना डोळे उघडे ठेवायला सांगून नोंद घेतली, मग डोळे मिटायला सांगून घेतली. मग काकांना काट्यावरून उतरवून त्या त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, आणि मी ओढणार आहे हं, असं सांगून त्यांनी खांदे धरून एक हिसका दिला, किती पावलं मागे जातात ते बघायला. काका म्हणाले, दीड. दाराशी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, दोन. बाईंनी दोन लिहिलं.

मग बाईंनी त्यांना दुसऱ्या एका यंत्राच्या खुर्चीवर बसवलं. तिला गादी लावलेला एक लोखंडी हात होता. त्यात माणसाचा हात बांधायचा, यंत्र कोपर सावकाश वाकवतं आणि सरळ करतं, आणि हात त्याला किती अडवतो ते मोजतं. माणसाने काही करायचं नाही, हात ढिला सोडायचा. उजवा हात तेल घातलेल्या बिजागरीसारखा गेला. डाव्याच्या वेळी काकांनी तो मनापासून ढिला सोडला, तरी तो खाचा लागल्यासारखा अडत अडत गेला. बाईंनी उजव्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगितली, तर डावा आणखीच अडला. झिजलेलं चाक कसं फिरतं हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. आकडा किती, त्यांनी विचारलं. डाव्याचा उजव्याच्या दुपटीहून थोडा जास्त, बाई म्हणाल्या. थोडा म्हणजे किती, काका म्हणाले, आणि एकदा घेऊन काय उपयोग, तीनदा घ्या आणि सरासरी काढा. बाईंनी तीनदा घेतली. सरासरी तेवढीच आली.

हात सोडवताना बाई हळू आवाजात बोलल्या. एका रेघेवरून आणि एका आकड्यावरून मी आजाराचं नाव घेणार नाही, ते काम मेंदूच्या डॉक्टरांचं, त्यांना सोमवारी भेटा, मी चिठ्ठी देते. पार्किन्सन निघालाच तर तो जात नाही, हे मी लपवणार नाही. पण औषधांनी आणि व्यायामाने माणसं पुढे वर्षानुवर्षं आपलं काम करतात, तीही मी रोज बघते. चांगली गोष्ट एवढी की तुम्ही वेळेवर आलात.

“वेळेवर नाही,” काका म्हणाले. “दीड वर्ष उशिरा.” आणि त्यांनी पहिल्यांदा काकूंकडे पाहिलं.

निघताना त्यांनी कोट घातला. डावी बाही काकूंनी धरली, आणि आज काकांनी ती धरू दिली. खिशातलं वजन त्यांनी सवयीने चाचपलं. चिठ्ठी त्याच खिशात ठेवली. लिफ्टपर्यंतचा बोळ लांबलचक होता आणि शनिवारचा म्हणून रिकामा होता. काकू एक पाऊल मागून चालत होत्या. अर्ध्यावर काका थांबले, पुन्हा दहाएक पावलं चालले, पुन्हा थांबले. दीड वर्ष शेजारी चालणाऱ्या काकूंनी डाव्या पायाचं जे घासणं रोज ऐकलं ते ऐकायला त्यांनी पहिल्यांदाच कान दिला होता.

“ऐकू येतंय?” त्यांनी विचारलं.

“येतंय,” काकू म्हणाल्या.

“मलाही येतंय,” काका म्हणाले, आणि त्यांनी काकूंचा हात धरला.